ऐकू येईल तसे लिहावे

मी, वेलिच्का पेत्कोवा द्रागानोवा, वय अडुसष्ट, कै. स्तोयान द्रागानोव यांची विधवा, धंदा डिंक निवडणे, जन्म बल्गेरियातल्या हास्कोवो जिल्ह्यातला, राहणार पिर्गाकी, बेट हिओस, देश ग्रीस, आज पूर्ण शुद्धीत आणि डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाने नव्हे तर बरेच जण नको म्हणत असताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती. आता हृदयाची एक झडप नीट मिटत नाही असे डॉक्टर म्हणतात, म्हणून सवड काढली आहे.

नोटरी श्री. व्रेतोस यांनी सांगितले की स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. मृत्युपत्र थोडक्यात असावे असेही ते म्हणाले. ते तरुण आहेत.

या कागदाचा खरा हेतू एकच आहे. माझे पिर्गाकीतले घर माझी मुलगी रोसित्सा हिला मिळावे आणि तिने ते घ्यावे. मिळणे सोपे आहे. घेणे अवघड आहे, कारण मी घरातून निघाले तेव्हापासून तिने माझ्या हातून काहीही घेतलेले नाही. तिथवर पोचण्याआधी बाकीची कलमे उरकते.

कलम पहिले, देहाविषयी.

मला इथेच पुरावे, कालिओपी मावशीच्या शेजारी. मावशी माझी कोणी लागत नव्हती. ती कोण ते घराच्या कलमात येईल. चाळिसाव्या दिवशी गहू उकडावेत. गहू दोन्ही देशांत सारखेच उकडतात, फक्त इथल्या बायका वरून साखर फार घालतात. माझ्या गव्हात कमी घालावी. आमच्याकडे माणूस गेले की त्याचा फोटो छापून कागद दारावर चिकटवतात. तसा एक कागद माझ्या माहेरच्या गावात बसथांब्याच्या खांबावर लावावा. फोटो चष्मा नसलेला घ्यावा.

इथे काही वर्षांनी हाडे वर काढतात, वाइनने धुतात आणि पेटीत ठेवतात. आमच्यात असे करत नाहीत, आणि पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी छातीवर क्रॉसची खूण केली होती. पण मावशीची हाडे मीच धुतली, कारण त्या वर्षी तिचा भाचा स्तामातिस माझ्याशी बोलत नव्हता आणि मी येणार म्हणून आला नाही. हातात आलेले तिचे मनगट मी ओळखले. पायरीवरून पडून ते एकदा मोडले होते आणि वाकडे जुळले होते. जुळेपर्यंत तिला घास मीच भरवला होता. ते मनगट धुतल्यापासून मला या पद्धतीचे काही वाटत नाही. माझी हाडेही काढावीत. कोणी धुवावीत ते शेवटच्या कलमावर अवलंबून आहे.

कलम दुसरे, नणंद गिन्का हिच्याविषयी.

स्तोयान सहकारी शेतीचा ट्रॅक्टर चालवत असे. सहकारी शेती मोडली, ट्रॅक्टर कोणीतरी परस्पर विकला, आणि त्या शरद ऋतूत अंगणात लाकडे फोडता फोडता स्तोयान खाली बसला तो उठलाच नाही. पुढच्या हिवाळ्यात पैसा असा घसरला की सकाळी पगार घेऊन निघालेल्या बाईला दुपारी त्यात पाव किंवा तेल, दोन्हींतले एकच मिळे. तंबाखूची पाने सुईत ओवून माझी बोटे काळी झाली होती, पण तंबाखू घ्यायला कोणी फिरकेना. राहते घर सासऱ्यांच्या नावावर होते. ते त्यांनी गिन्काला लिहून दिले आणि मला म्हणाले, तू अजून तरणी आहेस, तुझं होईल कुठेतरी. मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि रोसित्सा तेरा.

तिला गिन्काकडे ठेवून मी ग्रीसच्या बसमध्ये बसले. आमच्या गावातल्या निम्म्या बायका तेव्हा अशाच कुठल्या ना कुठल्या बसमध्ये बसत होत्या. कोणी इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, कोणी स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी तोडायला. मी त्यांच्याहून वाईट नाही आणि चांगलीही नाही.

गिन्काला मी काही देत नाही. मी पाठवलेले बूट तिने मुलीला पाय वाढल्यावर दिले, हे मला कळले आहे. तुझ्या आईने तुला टाकली, हे तिने मुलीला जेवायला बसल्यावर सांगितले, हेही कळले आहे. पण मुलगी तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसून राहिली तीही गिन्काच, आणि वेण्या घालून शाळेत धाडणारीही तीच. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या. त्यामुळे तिला मी शिव्याही देत नाही आणि तिचे आभारही मानत नाही. माझ्या चाळिसाव्याचे गहू तिच्या दारी पोचवावेत. तिने खाल्ले तर बरे वाटेल.

कलम तिसरे, घर.

सदर घर दगडी, दुमजली, खाली डिंक निवडण्याची खोली, वर दोन खोल्या व गच्ची. चतुःसीमा: पूर्वेस स्तामातिस कोंदोस याची भिंत, जी माझ्या बाजूला झुकते आहे आणि तो ते मान्य करत नाही, पश्चिमेस पायऱ्यांची पाखाडी, उत्तरेस आर्गिरोचे कॉफीचे दुकान, दक्षिणेस चौक, ज्यात बसथांबा व त्याचे दगडी बाक. या बाकावरूनच मी या घरात आले, म्हणून ते सांगणे भाग आहे.

बंदरावरच्या हॉटेलात भांडी घासायचे काम मला पावलिना नावाच्या आमच्याकडच्या बाईने पाहून दिले होते, आणि ती मला पिर्गाकीच्या थांब्यावर घ्यायला येणार होती. पावलिना आली नाही. आजतागायत आलेली नाही. मी बाकावर बसून राहिले. दुपार कलली, शेवटची बस आली आणि गेली. त्याच बसची वाट पाहत शेजारी एक काळ्या कपड्यांतली म्हातारी उभी होती. स्तामातिसने तिच्या सोबतीला बंदरावरच्या दलालाकडून एक बाई ठरवली होती, आणि ती बाई काही बसमधून उतरली नाही. म्हातारी माझ्यासमोर येऊन थांबली. आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, मग माझ्या बॅगेकडे दाखवले, मग वर पाखाडीकडे, आणि काहीतरी विचारले. येतेस का, एवढे मला कळले.

मी म्हटले, “ने.”

आमच्या भाषेत ‘ने’ म्हणजे नाही. यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे हो. शिवाय नाही म्हणताना आम्ही मान खालीवर हलवतो, तशी मी हलवली, आणि इथे तशी मान हो म्हणताना हलवतात. म्हातारीने माझी बॅग उचलली आणि चालू लागली. बॅगेत माझा पासपोर्ट होता. मी तिच्या मागे धावले, आणि ती जिथे थांबली तिथे हे घर होते. तिने मसुराची आमटी वाढली. मी खाल्ली. सकाळी पावलिना येईल असे मनात म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी दलालाची बाई आली, आपल्या जागी कोणी बसली आहे असे पाहून तिने सगळ्या गावाला ऐकवले आणि परत गेली. मी राहिले.

ही म्हातारी म्हणजेच कालिओपी मावशी. तिने मला डिंक निवडायला शिकवले. इथल्या मस्तिहाच्या झाडाला उन्हाळ्यात चिरा देतात, खाली पांढरी माती पसरतात, आणि झाड जे ठिबकते ते मातीवर वाळून खडे होतात. हिवाळाभर बायका सुरीच्या टोकाने त्या खड्यांची माती काढत बसतात आणि गावातल्या लोकांची उणीदुणीही. मी ग्रीक शिकले ती त्या बैठकीत, त्यामुळे माझी भाषा फार सभ्य नाही. ‘ने’ची गंमत कळली तेव्हा मीच ती मावशीला सांगितली. ती हसली. पुढे ती आर्गिरोच्या दुकानात ही गोष्ट प्रत्येकाला सांगू लागली आणि मी ‘ने-बाई’ झाले. पोस्टमनसुद्धा तेच म्हणतो.

अकरा वर्षे मी तिच्याजवळ राहिले. जाताना तिने हे घर व डोंगरावरची झाडे माझ्या नावे केली.

कलम चौथे, झाडे, हत्यारे व स्तामातिस.

मावशीचे घर मला मिळाले तेव्हा स्तामातिस चौकात उभा राहून म्हणाला, “बाई स्वतःच नाही म्हणाली होती. मग आता घर कुठल्या तोंडानं घेतेस?” तो वाक्य बरे जुळवतो. त्यानंतर आम्ही दोघे एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो आणि बोलत नव्हतो.

मग तो आगीचा उन्हाळा आला. त्याची झाडे आणि माझी झाडे एकाच उतरणीवर होती, एकाच दुपारी जळाली. वारा पडल्यावर मी वर गेले तर तो राखेत उभा होता. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्याने घेतली. म्हणाला, आता भांडायला काही उरलं नाही. मी म्हटले, घर आहे की अजून. तो हसायला लागला आणि हसता हसता रडला. मीही रडले. त्या झाडांना मी मुलांसारखे न्हाऊ घातले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

फांद्या लावून नवी झाडे आम्ही दोघांनी मिळून उभी केली. मस्तिहाच्या नव्या झाडाला पहिली काही वर्षे चीर देत नाहीत, नुसते राखायचे असते. ती वर्षे आम्ही भांडत काढली, पण बोलून भांडत. भिंत अजून झुकते आहे.

माझ्या वाट्याची झाडे स्तामातिसला द्यावीत असे मी ठरवले होते. नोटरी साहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी. उद्या कोणी शंका घेतली तर तीच सही आड येईल. मी स्तामातिसला विचारले, झाडे हवीत की सही करतोस. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “झाडं मी अशीही राखीन. सही करतो. घर तुझं नव्हतं असं गावात बोललो तो मीच, आता तुझं आहे असं माझ्याच हातानं लिहिलेलं असू दे.”

म्हणून झाडेही रोसित्साला. चीर देण्याची टोकदार सळई, चाळण आणि मावशीची सुरी घरासोबत राहतील. सुरीची मूठ मावशीच्या अंगठ्याने झिजलेली आहे. नवीन बसवू नये. स्तामातिसला मी काहीही देत नाही, एवढेच मला त्याला द्यायला उरले आहे.

कलम पाचवे, माझी मुलगी.

कागदपत्रे मिळेपर्यंत मला देश सोडता येत नव्हता. सोडला असता तर परत येता आले नसते. परवाना हाती आला त्याच आठवड्यात मी रोसित्साला आणायला गेले. मावशीने वरची खोली चुन्याने रंगवून घेतली होती आणि खिडकीला पडदा शिवला होता. रोसित्सा सोळा वर्षांची झाली होती, माझ्यापेक्षा उंच. गिन्काच्या फाटकात उभी होती. मी म्हटले, चल, तुझ्यासाठी खोली तयार आहे, शाळा आहे, समुद्र आहे. ती म्हणाली, “ने.” मान आमच्यासारखी हलवली.

मला ते समजायला दुभाषा लागणार नव्हता. मी बल्गेरियन, ती बल्गेरियन. परतीची बस फाटकासमोरूनच जायची. मी चढले, मागच्या काचेतून पाहिले, तर ती रस्त्यावर आली होती आणि बस वळेपर्यंत तिथेच उभी होती.

पिर्गाकीत पोचले तेव्हा मावशी खालच्या खोलीत डिंक निवडत होती. एकटीच आलेली पाहून तिने सुरी खाली ठेवली. मी सांगितले, ती ‘ने’ म्हणाली.

“म्हणून आत गेली?” मावशीने विचारले.

“आत नाही गेली. रस्त्यावरच उभी होती.”

“मग तू बसमध्ये कशाला चढलीस?”

मी चिडले. म्हटले, मावशी, आमच्यात ‘ने’ म्हणजे नाही, हे तुला गावभर सांगून झालंय. तेव्हा ती जे बोलली ते मी इथे जसेच्या तसे लिहिते, कारण माझ्याकडे देण्यासारखी याहून मोठी वस्तू नाही.

“बये, ‘ने’ म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस. माझी आई अंखिआलोची. तुमच्याच देशातली, तिथली ग्रीक वस्ती जळाली तेव्हा लहानपणी होडीतून इकडे आली. मरेपर्यंत रागावली की ती तुमच्याच भाषेत ‘ने’ म्हणायची, आणि आम्ही पोरं पळायचो. त्या दिवशी बाकावर तू नाही म्हणालीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.”

“मग बॅग का उचललीस?”

“ज्याला जायला जागा असते तो नाही म्हणतो आणि उठतो. तू नाही म्हणालीस आणि बसून राहिलीस.”

तिने सुरी पुन्हा हातात घेतली. “गावाला मी ती गोष्ट हसण्यापुरती सांगते. तुला सांगितलं नाही, कारण तुझी चूक झाली म्हणून तू इथे आहेस असं तुला वाटत होतं, आणि त्यात तुझा मान राहत होता. पोरीचं मात्र तू ग्रीकमध्ये ऐकायला हवं होतंस.”

मी पुढच्या ईस्टरला पुन्हा गेले. तोवर रोसित्सा हास्कोवोला शिवणाच्या कारखान्यात लागली होती आणि भेटायला खाली आली नाही. त्यानंतर मी जे जे देऊ केले त्याला ‘ने’. लग्नाला येऊ का, ‘ने’. थोडे पाठवू का, ‘ने’. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सोडून गेला. आता ती एका बेकरीच्या वरच्या खोलीत मुलीला घेऊन राहते आणि अजून शिवते. माझ्या नातीला मी फोटोतच पाहिले आहे. तिचे नाव वेसेला. आमच्यात मुलीला आजीच्या नावाचे पहिले अक्षर द्यायची रीत आहे. हे अक्षर माझे नाही, असे रोसित्साने सांगितले. तिच्या सासूचे नाव दोन्का आहे.

गेल्या ईस्टरला मी फोन केला. झडपेचे सांगितले नाही, कारण दयेने आलेली मला नको होती. एवढेच म्हटले की खोली अजून रिकामी आहे, पडदा मी नवा शिवला आहे, आणि शाळा चौकातच आहे. ती म्हणाली, “ने.” मी वाट पाहिली. फोन बंद झाला नाही. शिवणयंत्राचा आवाज थांबला होता, आणि तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्या फोनची बॅटरी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

कलम सहावे व शेवटचे, नोटरी श्री. व्रेतोस यांना सूचना.

माझ्या पश्चात आपण रोसित्सा स्तोयानोवा द्रागानोवा हिला स्वतः फोन करावा. पत्र पाठवू नये. पत्राला ती उत्तर देणार नाही. तिला थोडे ग्रीक येते. कुठे शिकली ते मी विचारलेले नाही, पण कारखान्यात ते शिकवत नाहीत. आधी हे पाचवे कलम तिला वाचून दाखवावे, मावशीच्या बोलण्यासकट. मग एकदाच विचारावे, घर घेतेस का. दुभाषा बसवू नये. तिला समजावू नये, आईची शेवटची इच्छा वगैरे शब्द काढू नयेत. त्याने ती आणखी ताठ होईल. हा ताठा माझ्याकडूनच गेला आहे.

ती ‘ने’ म्हणेल, हे मी आजच लिहून देते.

‘ने’ म्हणून तिने फोन ठेवला, तर ते आमचे ‘ने’ समजावे. तिला पुन्हा त्रास देऊ नये. घराला कुलूप लावावे, किल्ली आर्गिरोकडे ठेवावी, आणि वेसेला अठरा वर्षांची झाली की तिला विचारावे. माझी हाडे स्तामातिसने धुवावीत. यावेळी त्याने यावे.

पण ‘ने’ म्हणून तिने फोन ठेवला नाही, तर नोटरी साहेब, आपण जन्माने ग्रीक आहात, आपले आईबाप ग्रीक आहेत, आणि आपला कायदाही ग्रीक आहे. आपल्याला जसे ऐकू येईल तसे लिहावे. आणि आर्गिरोला सांगावे की शेवटच्या बसच्या वेळी थांब्यावर जाऊन बॅग उचलावी.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. खाडाखोड नाही. डाग कॉफीचा आहे.

स्थळ: पिर्गाकी, हिओस
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३

सही: वेलिच्का पेत्कोवा द्रागानोवा

साक्षीदार पहिली: आर्गिरो मिखालू, कॉफी दुकानदार, पिर्गाकी. समक्ष सही केली. किल्ली माझ्याकडे. बॅग जड असली तरी उचलीन.

साक्षीदार दुसरा: स्तामातिस कोंदोस, डिंक उत्पादक, पिर्गाकी. सदर घर हिचेच आहे काय, असे मला विचारण्यात आले. माझे उत्तर, ग्रीकमध्ये: ने.